ऑनलाइन नकाशावर नोंदवलेले ठिकाण काही दिवसांत का नाहीसे होते?

मालवणजवळच्या आपल्या वाडीतील रवळनाथ मंदिर आपण नकाशावर नोंदवले आणि आठवडाभरात ते दिसेनासे झाले, असे आपण लिहिले आहे. यामागे कोणाचा खोडसाळपणा असण्यापेक्षा पडताळणीची पद्धत कारणीभूत असण्याची शक्यता अधिक वाटते. गूगल मॅप्ससारख्या सेवेत वापरकर्त्यांच्या नोंदी बऱ्याच अंशी स्वयंचलित यंत्रणा तपासते आणि त्याच नावाचे, त्याच प्रकारचे ठिकाण जवळपास आढळल्यास नवी नोंद दुबार समजून काढली जाऊ शकते. सिंधुदुर्गात रवळनाथ आणि सातेरी यांची देवळे गावोगावी आहेत, हे त्या यंत्राला कोण सांगणार! म्हणून नाव पाटीवर असेल तसेच द्यावे, पत्त्यात गाव आणि वाडी स्पष्ट लिहावी, पाटी दिसेल असे छायाचित्र जोडावे आणि खूण नेमकी देवळावर ठेवावी. ती शेजारच्या खाडीत पडली, तर नोंद साहजिकच संशयास्पद ठरते. खाजगी राहती घरे किंवा नावातच ‘स्वस्त घरगुती जेवण’ अशी जाहिरात घुसडलेल्या खानावळी मात्र नियमांतच बसत नाहीत.

2004 मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी मिळून घडवलेल्या खुल्या नकाशावर कोणताही नोंदणीकृत सदस्य नोंद पुसू शकतो, परंतु बदलांचा इतिहास सर्वांना खुला असल्यामुळे ती कोणी काढली हे पाहून त्यालाच कारण विचारता येते. दुसऱ्या नकाशावरून उतरवलेली माहिती तेथे परवान्याच्या कारणास्तव काढली जाते.