मध्यभागी नसलं तरी 'केंद्रक' का?

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: 'मुलांना कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दाखवल्या. बहुतेक पेशींत केंद्रक भिंतीला चिकटलेलं दिसलं. एका मुलीनं विचारलं, हे मध्ये नाहीच, मग केंद्रक कसं? आपला शब्द चुकला आहे का?'

मुलीला शाबासकी द्या. तिनं जे पाहिलं, ते हे नाव देणाऱ्यानंही पाहिलं होतं.

आपलं 'केंद्रक' ज्याचा प्रतिशब्द आहे, तो 'न्यूक्लिअस' हा लॅटिन शब्द 'नक्स'वरून, म्हणजे कठीण कवचाच्या फळावरून आला. अर्थ कवचाच्या आतला गर. आपण काजूगर म्हणतो, त्यातला 'गर' अगदी तोच. मूळ शब्दात मध्यबिंदू कुठेच नाही. आहे ती आत, आवरणाखाली असलेली वस्तू.

पेशीतल्या या ठिपक्याला हे नाव दिलं वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी, 1831 साली. स्कॉटलंडमधल्या माँट्रोझ गावी 1773 मध्ये जन्मलेला हा पाद्र्याचा मुलगा. एडिंबरोला वैद्यक शिकायला गेला, पण पदवी न घेताच सैन्यात शल्यवैद्याचा मदतनीस झाला. 1801 मध्ये नामवंत निसर्गअभ्यासक जोसेफ बँक्स यांच्या शिफारशीनं 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावरून ऑस्ट्रेलियाला गेला आणि 1805 मध्ये हजारो वनस्पतींचे नमुने घेऊन परतला. 1810 मध्ये त्यांनी तिथल्या वनस्पतींवरचा ग्रंथ पदरच्या पैशानं छापला. 250 प्रतींपैकी अवघ्या 26 खपल्या आणि त्यांनी ग्रंथ विक्रीतून काढून घेतला. हे वाचताना मला अजूनही वाईट वाटतं, कारण तो ग्रंथ आज वनस्पतिशास्त्रातल्या मोठ्या कामांत गणला जातो. पुढे ते बँक्स यांचे ग्रंथपाल झाले. बँक्स 1820 मध्ये गेले, तेव्हा लंडनमधल्या सोहो स्क्वेअरचं घर, ग्रंथ आणि वनस्पतिसंग्रह त्यांनी ब्राऊन यांच्या हवाली केला. ब्राऊन यांनी लग्न केलं नाही. 1858 मध्ये त्याच घरात त्यांनी देह ठेवला.

त्यांचं आपल्याशीही एक नातं आहे. मारुतीला वाहतो ती रुई आणि उन्हाळ्यात सरबताला लागणारं अनंतमूळ, या दोन्हींच्या प्रजातींची शास्त्रीय नावं, कॅलोट्रोपिस आणि हेमिडेस्मस, ब्राऊन यांनीच ठेवलेली. रुईच्या आणि ऑर्किडच्या फुलांत परागकण सुटे नसतात, त्यांचे पुंजके असतात. अशा फुलांत फलधारणा होते कशी, याचा शोध ते एका भिंगाच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून घेत होते. त्यातच ऑर्किडच्या पापुद्र्यातल्या प्रत्येक पेशीत त्यांना एकेक गोल, किंचित अपारदर्शक ठिपका दिसला. फ्रान्झ बाउअर या चित्रकारानं तो आधीच काढलेला होता, हे ब्राऊन यांनी स्वतः नोंदवलं आहे. त्यांनी भीत भीतच सुचवलं की याला पेशीचा न्यूक्लिअस म्हणता येईल. आणि पेशीत त्याची जागा ठरलेली नसते, पुष्कळदा मात्र तो मध्यभागी किंवा त्याच्या जवळपास असतो, हेही तिथेच लिहिलं. हाच शब्द त्यांनी त्याआधी बीजांडाच्या, म्हणजे फुलातल्या ज्या भागाचं पुढे बी होतं त्याच्या, आवरणांच्या आतल्या गाभ्यासाठीही वापरला होता. म्हणून मला वाटतं, पेशीसाठी तो उचलताना त्यांच्या मनात बी होतं, वर्तुळ नव्हतं.

आता मराठी. 'केंद्र' मुळात ग्रीक 'केंट्रॉन'. म्हणजे टोचणारं टोक, पुढे कंपासाचं रुतवलेलं टोक. ज्योतिषगणितातून ते संस्कृतात आलं. त्याला 'क' लागून 'केंद्रक' झालं, आणि गराचं चित्र जाऊन भूमितीचं आलं. चूक म्हणणार नाही, रूपक बदललं. गंमत अशी, की 'दृश्यकेंद्रकी' (स्पष्ट केंद्रक असलेली पेशी) ज्या 'युकॅरिओटिक' शब्दाचं भाषांतर आहे त्यातलं ग्रीक 'कॅरिऑन'सुद्धा कवचाचं फळ किंवा त्यातला गर. आपल्याकडे दोन्ही वेळा तो गर गळून पडला.

'पेशीगर' करा, असं मी सुचवणार नाही. केंद्रकाम्ल (न्यूक्लिक अ‍ॅसिड), आदिकेंद्रकी (स्पष्ट केंद्रक नसलेली पेशी), अणुकेंद्रक, एवढा पसारा त्या एका शब्दावर उभा आहे. गर म्हटलं की आपल्याला मऊ, खाण्याजोगं काही आठवतं, तीही अडचण. तरी वर्गात एक सुका नारळ जरूर न्या. आत खोबऱ्याचा गोटा सुटलेला असेल असा निवडा, कानाशी धरून हलवायला सांगा. गोटा खुळखुळतो, करवंटीच्या या नाहीतर त्या बाजूला लागतो, आणि तरीही तो आतला गरच असतो.