ट्रंकेत गेलेली पदके

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका २३ वर्षांच्या मुलीचे पत्र आले आहे. ती धर्मस्वातंत्र्यासाठी आणि युद्धाविरुद्ध काम करते. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सभेसाठी रंगवलेला ‘बंदूक धरणारा प्रत्येक हात खुनी’ हा फलक तिने घराच्या गॅलरीत वाळत ठेवला आणि त्याच संध्याकाळी वडिलांनी भिंतीवरची पदके उतरवून ट्रंकेत ठेवली. तेव्हापासून त्यांनी अबोला धरला आहे. मोठ्या बहिणीचे लग्न जमेपर्यंत हे सगळे बंद ठेव, असे आई म्हणते. ‘तत्त्व सोडू की घर?’ असे मुलीने विचारले आहे.

प्रिय मुली,

तुझे पत्र मी दोनदा वाचले. वडिलांनी ‘तत्त्व सोड’ म्हटल्याचे त्यात कुठेही नाही. तुझ्या फलकावरचे वाक्य युद्धाबद्दल नसून माणसांबद्दल आहे, आणि त्यांपैकी एक माणूस त्याच घरात राहतो. तुझ्याच शहरात शिकलेल्या विनोबांना गांधीजींनी १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून निवडले, तेव्हा युद्धाला साहाय्य करण्याविरुद्ध बोलून त्यांनी तुरुंगवास पत्करला. त्यांचा रोख युद्ध चालवणाऱ्या सरकारवर होता, भरती झालेल्या शिपायावर नव्हता. (याच विनोबांनी १९१६ साली परीक्षेसाठी म्हणून बडोदा सोडले आणि सुरतेला उतरून काशीची वाट धरली, तो कित्ता गिरवावा असे मात्र मी सुचवत नाही.)

वडिलांची क्षमा माग, पण मताबद्दल नव्हे, त्या एका वाक्याबद्दल. ‘बाबा, ते तुमच्याबद्दल नव्हते’ असे म्हणू नकोस, कारण ते त्यांच्याबद्दलही होते आणि हे त्यांना कळते. ‘ते वाक्य चुकले, मी ते पुसले’ एवढेच पुरे.

आईची अट मला पटत नाही, आणि जिच्या लग्नासाठी ती घातली आहे त्या बहिणीला कोणी विचारल्याचेही दिसत नाही. पण आईची भीती निराधार नाही. राज्यघटनेचे २५ वे कलम सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देते, तरी गुजरातेत धर्मांतरावर बंधने घालणारा २००३ चा ‘धर्मस्वातंत्र्य’ कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला, आणि त्यातील काही कलमांना त्याच वर्षी उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. धर्म बदलू पाहणारे कोणी तुझ्याकडे मदत मागायला आले, तर त्यांचा धर्मांतराचा अर्ज स्वतः भरून देऊ नकोस. त्यांना वकिलाकडे घेऊन जा. सभेची पोलीस परवानगी लेखी घे, आणि परतायची वेळ आईला सांगून नीघ.

आणखी एक गोष्ट तुझ्या ध्यानात आलेली दिसत नाही. आपल्या सैन्यात ठिकठिकाणी एकाच छताखाली निरनिराळ्या धर्मांची पूजास्थाने असलेली ‘सर्वधर्म स्थळे’ असतात आणि जवानांसाठी धर्मशिक्षक नेमलेले असतात. ज्या धर्मस्वातंत्र्यासाठी तू फलक रंगवतेस, त्याच्याशी तुझ्या वडिलांचा नोकरीत रोजचा संबंध आला असण्याचा पुष्कळ संभव आहे. क्षमा मागून झाली की पदकांचा विषय काढू नकोस आणि ती पुन्हा लावण्याचा आग्रहही धरू नकोस. त्यांच्या पलटणीत ईद कशी होत असे, गुरुपुरबाला लंगरात कोण वाढत असे, हे विचार आणि त्यांचे सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नकोस.