इनलेला एक रात्र पुरेल का?

प्रश्न : आम्ही चौघं नऊ रात्रींसाठी म्यानमारला जायचं म्हणतोय. यांगोन दोन, बागान चार, मंडाले दोन आणि इनले तळं एक, असा आराखडा प्रवास कंपनीने दिला आहे. तळं एका दिवसात ‘होतं’ असं त्यांचं म्हणणं. तुम्ही जाऊन आला आहात. खरंच होतं का?

उत्तर : आधी नको असलेलं बोलून घेते. मी आणि माझी जाऊ गेलो ते 2018 च्या डिसेंबरात. त्यानंतर 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने सत्ता घेतली आणि देशाच्या बऱ्याच भागात लढाई पेटली. 28 मार्च 2025 च्या भूकंपात मंडाले हादरलं, तशी इनलेच्या पाण्यातली खांबांवरची कितीतरी घरंही कोसळली. तेव्हा पैसे भरण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा, विमा या देशाला लागू आहे का ते लेखी विचारा. तिथून नकार आला तर हे उत्तर कात्रण करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता तळं. होतं की! सकाळी आठला लांबट होडीत एकामागे एक खुर्च्यांवर बसवतात, इंजिन फटफटत न्याउंगश्वे गावाच्या कालव्यातून बाहेर पडतं, मग विणकर, चांदीकाम, चिरूट वळणाऱ्या मुली, देऊळ, जेवण, मठ, आणि चारला परत. पहिल्या दिवशी आम्ही हेच केलं. रात्री जाऊबाई म्हणाल्या, ‘‘दुकानं सहा पाहिली. तळं कधी दाखवणार?’’

बागानच्या चारांतल्या दोन रात्री काढून इनलेला द्या. बागानला दोन हजारांवर देवळं आहेत हे खरं, पण तिसऱ्या दिवशी आनंद मंदिर कोणतं आणि त्याच्या शेजारचं कोणतं हे माझ्या तरी डोक्यात राहिलं नाही. मंडाले आपल्याला टिळकांच्या सहा वर्षांमुळे ठाऊक, तिथल्या दोन रात्री राहू द्या.

इनलेला पोचल्यावर हॉटेलात पहिला प्रश्न हा विचारा : उद्या बाजार कुठे? तळ्याकाठचा बाजार पाच दिवसांच्या फेऱ्याने फिरतो. आज या गावात, उद्या त्या. पौर्णिमा-अमावास्येला भरत नाही. एका रात्रीच्या मुक्कामात तो तुमच्या वाटेवर येईल की नाही हा निव्वळ नशिबाचा भाग. तीन रात्री असल्या तर एखादा सापडतोच. आम्हाला इंदेइनचा मिळाला. सात वाजता पोचलो, थंडीने दात वाजत होते (डिसेंबर-जानेवारीत स्वेटर न्याच, होडीत वारा लागतो), आणि डोंगरावरून पा-ओ जमातीच्या बायका उतरत होत्या, अंगात काळे कपडे, डोक्याला केशरी फडकं, पाठीला लसणाच्या टोपल्या. टोमॅटो किलोवर नाही, ‘विस’वर विकतात, एक विस म्हणजे साधारण 1.6 किलो. एका आजींच्या तराजूत वजनाच्या जागी टॉर्चचे जुने सेल होते. दहा वाजता पर्यटकांच्या होड्या लागल्या, तोवर लसूण-भाजीवाल्या निम्म्या उठल्या होत्या आणि पुढच्या रांगेत लाकडी मुखवटेच उरले होते.

तिथेच एका बाकड्यावर आम्ही पिठलं खाल्लं. नाव ‘तोहू’, म्हणून सोयाबीनचं असेल असं वाटलं, पण इथल्या शान लोकांचं तोहू हरभऱ्याच्या पिठाचं असतं, हळद घालून शिजवलेलं. गरम असताना नूडल्सवर ओततात, थिजलं की वड्या पाडून तळतात. शाकाहारी असाल तर हे लक्षात ठेवा, आणि ‘थेत-थत-लुत’ हा शब्दही. शब्दशः अर्थ, जीव न मारलेलं. एवढं म्हणूनही आंबवलेल्या माशांची ‘ङापी’ नाही ना, हे बोट दाखवून पुन्हा विचारायचं.

दुसऱ्या दिवशी होडीवाल्याला सांगितलं, दुकान एकही नको, बागांतून ने. इथले लोक इन्था, म्हणजे तळ्याची लेकरं. पाणवनस्पतींचे जाड थर कापून, ओढून आणून, बांबू तळापर्यंत रोवून ते जागेवर अडकवतात आणि त्यावर टोमॅटो लावतात. बांबू तळाला टेकतो, कारण उन्हाळ्यात पाणी जेमतेम पुरुषभर उरतं. एका पायाने वल्हं मारायचं कारणही इथेच कळतं. बसून वल्हवलं तर पुढचं गवत आणि जलपर्णी दिसतच नाही. उभं राहिलं, वल्ह्याला पायाचा वेढा दिला, की वाट दिसते आणि जाळ्यासाठी एक हात मोकळा. (शंकूसारखी टोपली घेऊन एका पायावर तोल सांभाळणारे कोळी फोटोसाठी उभे असतात, बक्षिसी मागतात. द्या, मेहनत आहे त्यात. पण मासे ते दुसरीकडे, जाळ्यानेच धरतात.) याच बागांनी तळ्याचं मोकळं पाणी खाल्लंय आणि फवारणीची औषधं पाण्यात उतरतात. 2015 मध्ये युनेस्कोने इनलेला जीवावरण राखीव क्षेत्र म्हटलं तरी टोमॅटो थांबलेले नाहीत. थांबवून ती माणसं खाणार काय, हा प्रश्न आहेच.

प्रश्न : इनलेच्या फाउंग डॉ ऊ पॅगोड्यात बायकांना सोन्याचा वर्ख लावू देत नाहीत, खरं का?

उत्तर : खरं. चौथऱ्यावर फक्त पुरुष चढतात. पाच बुद्धमूर्तींवर इतका वर्ख चढलाय की आता नाक-डोळे काही नाहीत, सोन्याचे पाच गोळे दिसतात. बायकांनी वर्ख विकत घ्यायचा आणि बरोबरच्या पुरुषाकडे द्यायचा. आमच्याबरोबर पुरुष नव्हता. होडीवाला म्हणाला, आणा. दोन वर्ख घेऊन तो वर गेला आणि आम्ही दोघी खालून बघत राहिलो. राग आला का? आला. जाऊबाईंना नाही आला, त्या हात जोडून उभ्या होत्या. मंडालेच्या महामुनी मंदिरातही हाच नियम आहे, तेव्हा तयारीने जा.

प्रश्न : यांगोनच्या श्वेडगॉन स्तूपाला जन्मवार विचारतात म्हणे?

उत्तर : विचारत नाहीत, आपण शोधायचा. स्तूपाभोवती वारांची स्थानं आहेत, आणि वार आठ! बुधवार दुपारी तुटतो; दुपारनंतर जन्मलेले राहूकडे जातात. आपल्याकडे पत्रिका असते, त्यामुळे वेळ पाठ असते. आपल्या वाराच्या मूर्तीवर वयाइतके पेले पाणी घालायचं. प्रत्येक वाराला प्राणी आहे. माझा गुरुवार, म्हणून उंदीर. जाऊबाईंचा सोमवार, म्हणजे वाघ. घरात हे तीस वर्षं माहीत होतं, फक्त असं कोरून ठेवलेलं पहिल्यांदा पाहिलं.

चपला-मोजे दोन्ही पायऱ्यांशीच काढावे लागतात आणि दुपारी संगमरवर भाजतो, म्हणून संध्याकाळी जा. आणि डॉलर नेणार असाल तर नोटांना घडी नको, डाग नको. आम्ही पुठ्ठ्याच्या वहीत घालून नेल्या, तरी एक परत आली.