पाळलेला मासा घ्यावा का?

प्रश्न: पावसाळ्यात बाजारात रोहू, कटला आणि तळ्यातला जिताडा दिसतो. सासूबाई म्हणतात, 'पाळलेल्याला मातीचा वास, शिवाय औषधं.' खरं का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: वास खरा, पण मातीचा नव्हे. पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळात जिओस्मिन हा मातकट वासाचा पदार्थ तयार होतो आणि माशाच्या चरबीत मुरतो. काढणीनंतर मासा काही दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवला की वास उतरतो. विक्रीची घाई झाली की राहतो. घरी पोटातलं काळं अस्तर खरवडून काढा. अर्धा किलो तुकड्यांना एका लिंबाचा रस आणि मीठ चोळून 15 मिनिटं ठेवा, मग धुवा. आंबटाने जिओस्मिन मोडतं, म्हणून कालवणात आगळ किंवा चिंच हवीच.

औषधांची शंका रास्त आहे. क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या प्रतिजैविकांना मत्स्यशेतीत बंदी आहे, पण डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. म्हणून मासा कुठल्या तळ्यातला, हे कोळणीला विचाराच.

आणि पाळलेला म्हणजे समुद्रावर भार नाही, असंही नाही. रोहू-कटला पेंड आणि भुशावर वाढतात. जिताडा मांसाहारी, त्याच्या खाद्यात बहुधा समुद्रातल्याच माशांचं कूट असतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा आम्ही रोहूच सुचवू.