'स्वमग्न'मधलं 'मग्न' ठेवा, 'स्व' काढा

प्रश्न असा आहे: 'न्यूरोडायव्हर्सिटी'ला मराठीत काय म्हणावं? आणि 'न्यूरोडायव्हर्स मूल', 'स्वमग्न मूल', 'ऑटिझमग्रस्त मूल' यांपैकी बरोबर कोणतं?

तिन्ही नकोत. पहिल्याचा निकाल आधी लावतो, कारण तो प्रयोग रोज कानावर पडतो आणि रोज डोकं फिरतं. डायव्हर्सिटी म्हणजे वैविध्य, आणि वैविध्य एकट्यादुकट्याचं नसतं. रानात जैवविविधता असते, पण तिथल्या एखाद्या बेडकाला आपण 'जैवविविध बेडूक' म्हणत नाही. मग एकटं मूल न्यूरोडायव्हर्स कसं? वर्ग तसा असेल, कुटुंब असेल, मनुष्यजात तर आहेच. मेंदूची घडण माणसागणिक वेगळी असते, त्या वेगळेपणाकडे सरसकट बिघाड म्हणून बघू नये, एवढंच तो शब्द सांगतो. ज्याची घडण बहुसंख्यांहून निराळी आहे त्या माणसासाठी 'न्यूरोडायव्हर्जंट' हा स्वतंत्र शब्द आहे. ऑटिस्टिक माणसांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या कासिआन असासुमासू यांनी तो २००० च्या सुमारास घडवला. कानाला दोन्ही शब्द जुळे वाटतात म्हणून कुठलाही कुठेही लावायचा नाही.

मूळ शब्दाचं श्रेय ऑस्ट्रेलियाच्या ज्युडी सिंगर यांच्या १९९८ च्या प्रबंधाला देण्याची रीत आहे. त्याच वर्षी हार्वी ब्लूम या पत्रकारानेही तो छापला. ही कल्पना त्याआधीच ऑटिस्टिक माणसांच्या आपसांतल्या चर्चेत रुजली होती, एकाच नावावर ती चढवू नका, असं हल्ली बरेच अभ्यासक म्हणतात. शब्द कुणी एकट्याने जन्माला घालतो यावर माझाही फारसा विश्वास नाही. असो.

आता 'स्वमग्न', म्हणजे 'ऑटिस्टिक'साठी मराठीत रुळलेला शब्द. 'ऑटिझम' हा शब्द मुळात या मुलांसाठी नव्हताच. 'स्किझोफ्रेनिया' हे नाव देणाऱ्या ऑइगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९१० च्या आसपास तो घडवला, तोही आपल्या रुग्णांचं एक लक्षण सांगायला: बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून स्वतःच्या कल्पनांमध्ये दडी मारणं. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. त्या रुग्णांना तो शोभतही होता. पुढे १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने ११ मुलांची हकीकत लिहिली आणि हा आयता शब्द त्यांना चिकटवला. व्हिएन्नात हान्स आस्परगरनेही जवळपास त्याच काळात तेच केलं. सोव्हिएत डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्येच अशा मुलांचं अचूक वर्णन करून ठेवलं होतं, पण त्यांचं नाव घ्यायला जगाला कित्येक दशकं लागली.

कॅनरचा लेख नुसता वाचला तरी 'स्व' कसा चुकीचा आहे ते दिसतं. त्यातला पहिला मुलगा, डोनाल्ड, गोल दिसेल ते फिरवत बसायचा: ठोकळे, भांडी, काहीही. वडिलांनी त्याला 'हो' शिकवायला विचारलं, 'तुला खांद्यावर घेऊ का? हवं असेल तर हो म्हण.' तो 'हो' म्हणाला. त्यानंतर त्याच्या लेखी 'हो' या शब्दाचा अर्थच 'मला खांद्यावर घ्या' असा झाला. आता सांगा, यात 'स्व' कुठे आहे? पोरगं गुंतलंय ते फिरणाऱ्या ठोकळ्यात, शब्दाच्या पहिल्या अर्थात. स्वतःशी त्याला काही देणंघेणं दिसत नाही. पण मराठीने 'ऑटोस'चा 'स्व' केला आणि कॅनरची उसनवारीही पदरात घेतली. वर मराठी कानाला 'स्वमग्न' म्हटलं की शेजारचेच 'आत्मकेंद्री' आणि 'आपमतलबी' ऐकू येतात. घरी कुणी फोन उचलला नाही तर 'अगदी ऑटिस्टिक आहे बाई हा' म्हणणारे याच रांगेतले.

'मग्न' मात्र सोन्यासारखा शब्द आहे. धातू मस्ज्, बुडणे. त्यावरून मज्जन म्हणजे बुडी, निमग्न म्हणजे पार बुडालेला, आणि मद्गु म्हणजे बुडी मारणारा पक्षी, आपला पाणकावळा. लॅटिनमध्ये याच कुळातला 'मेर्गेरे', बुडवणे, आणि तिथेही बुडी मारणाऱ्या पक्ष्याचं नाव 'मेर्गुस'! हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन भाषा पाण्यात डोकं खुपसणाऱ्या पाखराला एकाच धातूने हाक मारतात. यावर मी तासभर बोलू शकतो.

आणि गंमत अशी की ऑटिझमचा मला सर्वांत पटलेला खुलासाही बुडण्याचाच आहे. डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'मोनोट्रोपिझम' मांडला. बहुतेकांचं लक्ष एकाच वेळी पाचसहा गोष्टींवर पातळ पसरलेलं असतं. ऑटिस्टिक माणसाचं एकदोन ठिकाणीच जातं, पण तळापर्यंत. कपडे धुण्याच्या यंत्राचा फिरता पिंप बघणाऱ्या मुलाला तीनदा हाक मारा, मान वळत नाही. ऐकू येत नाही म्हणावं तर पलीकडच्या खोलीतल्या बटणाचा टक् आवाज त्याला बरोबर कळतो. खांद्याला धरून ओढलंत की किंकाळी. त्याला लोक हट्ट म्हणतात. खोल बुडालेल्याला एका झटक्यात वर खेचल्याचा तो धक्का असतो. नजरेला नजर न देणं हेही अनेकदा यातलंच: ऐकायचं असेल तर बघणं सोडावं लागतं. तेव्हा 'मग्न' शंभर टक्के बरोबर. कशात मग्न, एवढंच आपण चुकीचं लिहून बसलो.

आता मुख्य मुद्दा. (प्रश्नकर्त्याने धीर धरावा.) न्यूरोडायव्हर्सिटीसाठी 'चेताविविधता' सुचवतात, कारण पाठ्यपुस्तकांत 'चेतासंस्था' आहे. मला 'चेता' म्हटलं की चेतवलेली आग दिसते. जुना 'मज्जासंस्था', 'मज्जातंतू', 'मज्जारज्जू' हा संसार चांगला नांदत असताना तो का मोडला, हे समित्यांनाच ठाऊक. आणि 'मज्जा' काय शब्द आहे! आपल्या वैयाकरणांनी उणादी प्रत्यय (धातूपासून नाम घडवणारे) लावून 'मज्जन्' हा शब्द त्याच मस्ज् धातूपासून साधला: हाडांत बुडालेली ती मज्जा. म्हणजे त्यांच्या हिशेबाने 'मग्न' आणि 'मज्जा' सख्खी भावंडं!

यावर तौलनिक भाषाशास्त्रवाले लगेच बोट वर करतात. बुडण्याच्या मूळ धातूच्या शेवटी ग्, मज्जेच्या मूळ शब्दात घ्, सबब नातं नाही. भाषाशास्त्रवाल्यांच्या हिशेबाने मज्जेचे भाऊबंद म्हणजे अवेस्ता या प्राचीन इराणी ग्रंथातला 'मज्ग', रशियन 'मोज्ग' आणि फारसी 'मग्ज'. ठीक आहे, हे भाऊबंद मलाही मान्य आहेत. उलट मला ते हवेच आहेत, कारण रशियन 'मोज्ग' म्हणजे मेंदू, आणि फारसी 'मग्ज' हाच मराठीत येऊन 'मगज' झाला, ज्याची आपण मगजमारी करतो. म्हणजे 'मज्जा' या शब्दात मेंदू पहिल्यापासून बसलेला आहे. तेव्हा 'मग्न' आणि 'मज्जा' यांचं जन्माचं नातं नाही, हेही मानावं लागतं. पण ते ग् आणि घ् संस्कृतात येईपर्यंत दोन्हीकडे 'ज्ज' होऊन बसले. कानाला ही दोन्ही जवळचीच वाटतात. वैयाकरणांनी दोन्ही एकाच धातूखाली मांडली, आणि शब्द निवडायला मला तेवढं पुरेसं आहे.

बरं, 'न्यूरॉन'चा खरा संस्कृत भाऊ 'स्नायू'. ग्रीकमध्ये 'न्यूरॉन' म्हणजे शिरा, दोरी, धनुष्याची प्रत्यंचासुद्धा. पण मराठीत स्नायू दंडावर जाऊन बसला, त्याला परत बोलावण्यात अर्थ नाही.

राहिलं 'ऑटिझमग्रस्त'. ग्रस् म्हणजे गिळणे. चंद्र ग्रस्त होतो, माणसं पूरग्रस्त होतात. बाहेरून काहीतरी येऊन गिळतं. हा शब्द नुसता अप्रिय असता तर मी सोडून दिला असता, पण तो विचार बिघडवतो. 'ग्रस्त' म्हटलं की गिळणारा कोण ते लोक शोधत सुटतात. आधी आईला धरलं: आयांच्या थंडपणामुळे मुलं अशी होतात, हे ब्रूनो बेटलहाइम या अमेरिकेतल्या मानसतज्ज्ञाने १९६७ मध्येही छातीठोकपणे लिहिलं, आणि एका पिढीच्या आया स्वतःला दोष देत जगल्या. मग लस धरली: १९९८ चा तो कुप्रसिद्ध निबंध, जो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला २०१० मध्ये मागे घ्यावा लागला. प्रत्यक्षात ही घडण बरीचशी आनुवंशिक आहे, मेंदू आकार घेत असतानाच ठरते. गिळायला बाहेरून कोणी आलेलं नसतं.

म्हणजे सगळं आलबेल आहे, मदत नको, असं मात्र नाही. ज्यांना 'वैविध्य' शब्द गुळगुळीत वाटतो त्यांचा राग मला समजतो. काही ऑटिस्टिक माणसं कधीच बोलत नाहीत, काहींना जन्मभर सोबत लागते, काहींच्या जोडीला अपस्मार असतो. २०१३ पासून मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत 'आस्परगर सिंड्रोम' वगैरे वेगळे कप्पे मोडून एकच नाव राहिलं आणि कुणाला किती आधार लागतो याच्या तीन पातळ्या आल्या. ध्वनी-स्पर्श-प्रकाशाचा त्रासही तेव्हा निकषांत आला. 'स्पेक्ट्रम' ही मात्र 'सौम्य' ते 'तीव्र' अशी पट्टी नव्हे. एकच माणूस भाषणं देईल आणि दुकानातल्या दिव्यांच्या गुणगुणीने कोलमडेल. 'थोडेथोडे आपण सगळेच ऑटिस्टिक असतो' हे वाक्य तर बंदच करा. एखाद्या दिवशी गोंगाट सहन न होणं वेगळं, आणि रोज त्यातूनच वाट काढावी लागणं वेगळं.

तर उत्तर: न्यूरोडायव्हर्सिटी म्हणजे 'मज्जावैविध्य'. व्यक्तीसाठी 'ऑटिस्टिक' हाच शब्द सरळ वापरा. अनेक ऑटिस्टिक प्रौढांना तोच हवा असतो, आणि जिला दुसरा हवा असेल ती व्यक्ती सांगेल. 'मज्जावैविध्य' ऐकून कुणाला 'मज्जा आली' आठवेल आणि हसू फुटेल. ती मजा फारसी, मूळ अर्थ चव, हाडातल्या मज्जेशी तिचा काडीचाही संबंध नाही. आणि हो, इथे मी नातं जोडायला जाणार नाही.