घरी अख्खं चिकन रोस्ट केल्यावर त्याची ग्रेव्ही चांगली कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला घरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) सव्वा किलोचं अख्खं चिकन रोस्ट करता. चिकन जमतं, पण ग्रेव्ही कधी पिठूळ लागते, कधी वर तेल तरंगतं आणि गेल्या वेळी तर कडू झाली. तरी तुमचा प्रश्न एवढाच, की मैदा किती घालायचा. ते प्रमाण खाली दिलंय, पण तुमची ग्रेव्ही मैद्याच्या आधीच, ओव्हनमधल्या ट्रेमध्ये बिघडते आहे. चव ट्रेच्या तळाशी तयार होते. मैदा तिला फक्त दाट करतो.

सुरुवात दुकानापासून. आपल्याकडचा चिकनवाला सवयीने कातडी सोलूनच पक्षी देतो. त्याला तोलायच्या आधीच ‘खाल के साथ, साबुत’ म्हणून सांगा. रोस्टमध्ये जी चरबी गळते ती जवळजवळ सगळी कातडीतून येते. सोललेल्या चिकनखाली ट्रेमध्ये चमचाभरही चरबी मिळत नाही, मग बटर घालावं लागतं. मान, पंखांची टोकं आणि पायही मागून घ्या. पायांत जिलेटिन भरपूर असतं आणि ग्रेव्ही ओठांना किंचित चिकटते ती त्यामुळे. मैद्याने ते येत नाही.

या हाडांचा स्टॉक आदल्या दिवशी करून ठेवा. पाव किलोभर मान-पाय-पंख कुकरमध्येच चमचाभर तेलावर चांगले तांबूस परता, दहा मिनिटं तरी. त्यात सालासकट चिरलेला एक कांदा, एक लहान गाजर, आठ-दहा काळी मिरी, एक तेजपान आणि एक लिटर पाणी. एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून 40 मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. गाळून साधारण 800 मिली निघतं, ते उघड्या पातेल्यात 600 मिलीपर्यंत आटवा. मीठ अजिबात नको. काळीज यात टाकू नका, त्याचीच चव सगळ्यावर बसते. ते वेगळं परतून खा.

आता ट्रे. चिकनच्या अंगातला रस आणि चरबी खाली गळते, रसातलं पाणी उडून जातं आणि उरलेली प्रथिनं-साखर तळाला तांबूस चिकटते. ग्रेव्हीची खरी चव त्या तांबूस थरात असते. साधारण 140 अंशांच्या पुढे हा रंग धरायला लागतो, आणि पुढे दुर्लक्ष झालं की तोच थर काळा पडतो. काळा झाला की कडू, आणि त्या कडूपणाला साखर, साय, लिंबू कशाचाही उपाय नाही.

ओटीजीत हे हमखास होतं, कारण खालची कॉइल ट्रेच्या अगदी जवळ असते आणि पातळ ॲल्युमिनियमचा सोबत मिळालेला ट्रे चिकनपेक्षा बराच मोठा असतो. कोपऱ्यांत जे थेंब उडतात ते पंधरा मिनिटांत जळतात. म्हणून चिकन मावेल एवढंच स्टीलचं किंवा जाड बुडाचं भांडं घ्या. तळाशी दोन कांद्यांच्या बोटभर जाड चकत्या, एक गाजर, पाच-सहा सालासकट लसूण पाकळ्या पसरा आणि चिकन त्यावर ठेवा. ओव्हन 200 अंशांवर तापलेला हवा. पहिली 25-30 मिनिटं पाणी घालायचं नाही. कांद्याच्या कडा तांबूस दिसल्या की अर्धी वाटी गरम पाणी बाजूने, चिकनवर न पडेल असं ओता. पुढे दर वीस मिनिटांनी डोकवा, तळ कोरडा दिसला तर आणखी थोडं. सुरुवातीलाच दोन वाट्या पाणी ओतलंत तर चिकन वाफेवर शिजेल, कातडी लिबलिबीत राहील आणि तळाला रंगच धरणार नाही. सव्वा किलोला तास-सव्वा तास लागतो. मांडीच्या जाड भागात 74 अंश भरले की काढा.

तुम्ही चिकन दही, आलं-लसूण, हळद आणि तिखटात मुरवता असंही लिहिलंय. कडूपणाचा माझा पहिला संशय त्यावरच आहे. दह्यातली प्रथिनं आणि तिखट-हळदीची पूड ट्रेवर गळून लवकर करपते. ग्रेव्ही हवी असेल त्या दिवशी चिकनला फक्त 15 ग्रॅम मीठ आणि मिरपूड चोळून रात्रभर फ्रीजमध्ये उघडं ठेवा. मसाल्याचंच रोस्ट करायचं असेल तर तो ट्रे खरवडू नका. ग्रेव्ही स्टॉक आणि बटरवर वेगळी करा.

चिकन बाहेर काढून ताटात 15-20 मिनिटं तसंच राहू द्या. ग्रेव्ही याच वेळात होते. ट्रेमध्ये वाटीभर गरम स्टॉक ओता आणि लाकडी उलथन्याने तळ खरवडा. भांडं जाड असेल तर बारीक गॅसवर ठेवून खरवडा. पातळ ॲल्युमिनियमचा ट्रे असेल तर गॅसवर ठेवू नका, वाकतो. सगळं गाळणीतून उंच फुलपात्रात ओता, कांदा-लसूण दाबून रस काढा आणि पाच मिनिटं हलवू नका. चरबी वर पिवळी स्वच्छ येते, रस खाली राहतो. चरबी डावाने काढून घ्या. हे वेगळं न करता थेट मैदा घातला की चरबी किती आहे याचा अंदाज चुकतो आणि तेल वर येतं. तुमच्या तवंगाचं कारण हेच असावं.

प्रमाण असं: चरबी 2 मोठे चमचे, मैदा 3 मोठे चमचे सपाट (साधारण 25 ग्रॅम), आणि ट्रेमधला रस व स्टॉक मिळून 500 मिली. चार-पाच जणांना पुरते. मोठा चमचा म्हणजे मापाचा 15 मिलीचा. घरातला पोह्यांचा चमचा त्याहून लहान असतो. चरबी कमी पडली तर बटरने भरून काढा. मैदाच घ्या. कणकेतला कोंडा जिभेला रवाळ लागतो आणि बाटीचं जाडं पीठ तर नकोच.

जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर चरबी आणि मैदा चार-पाच मिनिटं भाजा. कच्च्या पिठाचा वास जाऊन खमंग वास आला आणि बिस्किटाचा रंग दिसला की पुरे. पिठूळ चव राहते ती या चार मिनिटांची घाई केल्याने. उलट फार गडद भाजलात तर मैद्यातला स्टार्च तुटतो आणि ग्रेव्ही दाट होत नाही. आता कोमट द्रव थोडा, अर्धी वाटीच, घालून विस्कने जोरात फेटा. आधी गोळा होईल, मग गुळगुळीत पेस्ट. मग उरलेला द्रव तीन-चार वेळा करून. पिठलं करताना बेसन आधी गार पाण्यात कालवतो, त्यामागचं कारण इथेही तेच आहे. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात पडलं की दाण्याचं बाहेरचं आवरण लगेच फुगून चिकट होतं आणि आत कोरडं पीठ अडकतं. चरबीने प्रत्येक कण आधी वेगळा केला की गुठळी होत नाही. झालीच तर गाळून घ्या. मिक्सरच्या बंद भांड्यात उकळती ग्रेव्ही फिरवू नका, वाफेने झाकण उडतं.

एक खळखळून उकळी येऊ द्या, मग मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. खरा दाटपणा उकळीनंतरच कळतो, त्याआधी पातळ वाटली म्हणून आणखी पीठ भुरभुरवू नका. चमच्याच्या पाठीवर थर बसावा आणि बोटाने रेघ ओढली तर ती राहावी. ताटात पडल्यावर ती आणखी घट्ट होते, म्हणून पातेल्यात किंचित सैलच ठेवा. तरीही पातळ राहिली तर मऊ बटर आणि मैदा चमचा-चमचा मळून त्याच्या लहान गोळ्या टाका आणि आणखी पाच मिनिटं शिजवा. कॉर्नफ्लोअरही चालतं (गार पाण्यात कालवून), चकाकी छान येते, पण फार उकळली-ढवळली की पुन्हा पातळ होते.

मीठ अगदी शेवटी, चाखून. ट्रेमधल्या रसात चिकनचं मीठ आलेलं असतं. बाजारातले स्टॉक क्यूब वापरलेत तर बहुधा मीठ लागणारच नाही. खारट झालीच तर बिनमिठाचा स्टॉक वाढवा. बटाटा टाकून खारटपणा जातो यावर माझा विश्वास नाही, तो थोडं खारं पाणी शोषतो, बस. रंग फिका असेल तर अर्धा चमचा सोया सॉस, चव बसकी वाटली तर व्हिनेगरचे थेंब. आणि ताटात चिकनखाली साठलेला रस विसरू नका, तो सगळा शेवटी आत. अनेक जण तो सिंकमध्ये ओततात, हे मला कळतच नाही.

पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशीच बटर, मैदा आणि स्टॉकची ग्रेव्ही करून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी ती जेलीसारखी थिजलेली असेल, ते पायांतलं जिलेटिन. रोस्ट झाल्यावर गरम करून त्यात ट्रेमधला खरवडलेला, चरबी काढलेला रस मिसळा आणि उकळी आणा. तो रस घातल्यावर थोडी सैल होणार, म्हणून आदल्या दिवशी स्टॉक वाटीभर कमी घ्या.