मेपलच्या सावलीतील होस्टा

अमेरिकेतील न्यू जर्सीमधील आपल्या अंगणात मेपलच्या झाडाखाली होस्टा (सावलीत वाढणारे, शोभेच्या पानांचे रोप) लावावे का, असे आपण विचारले आहे; विचार चांगला आहे. मात्र मेपलची मुळे मातीच्या वरच्या थरातच पसरून पाणी ओढून घेत असल्यामुळे रोप खोडापासून दूर लावावे आणि पहिल्या उन्हाळ्यात माती सुकू न देता सकाळी मुळाशी भरपूर पाणी द्यावे. ‘हॅल्सियन’सारख्या निळसर जातींच्या पानांवरील मेणाचा थर उन्हाने नाहीसा होतो, म्हणून त्यांना सकाळचे कोवळे ऊनच पुरे. पाने खाणाऱ्या गोगलगाईंना मारण्यासाठी आयर्न फॉस्फेट या लोहयुक्त क्षाराच्या गोळ्या चालतात. हरणांना मात्र कुंपणच हवे (माझ्या वाफ्यात त्यांनी एका रात्रीत नुसते देठ शिल्लक ठेवले होते). हिवाळ्यात रोप दिसेनासे झाले तरी उकरून पाहू नये, कारण थंडीतील ही विश्रांती त्याला आवश्यकच असते. वसंतात कोंब वर येताच जुना गड्डा विभागता येतो.